रॉड संपलेला नेक: फेंडर जपानच्या एका प्रिसिजन बेसचे प्रकरण

वाद्य फेंडर जपानचा प्रिसिजन बेस, म्हणजे चार तारांचा विद्युत बेस गिटार, १९६२च्या मॉडेलवरून काढलेला, म्हणजे पीबी६२. अनुक्रमांक 'ई' अक्षराने सुरू होतो, म्हणजे बांधणी १९८४ ते १९८७ या काळातली. नोकरीनिमित्त तोक्योत राहणाऱ्या एका मराठी बेसवादकाने तो ओचानोमिझु भागातल्या जुन्या वाद्यांच्या दुकानातून हिवाळ्यात घेतला आणि पुण्याला परतताना सोबत आणला. पुण्यात नव्या तारा चढवल्यावर तक्रारी सुरू झाल्या. तारा उंच, डावा हात लवकर भरून येतो, मधल्या फ्रेटांवर दाबलेला सूर चढा लागतो, आणि ब्रिज (तारा धडावर टेकतात तो भाग) आणखी खाली घ्यायला जागाच नाही.

तपासणीआधीच दोन निदाने ठरून गेली होती. एक, पुण्याच्या पावसाळ्याने नेक (वाद्याची मान) वाकला. दोन, ब्रिज बदलला की काम होईल. खरा दोष नेकच्या आतल्या रॉडमध्ये, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ धरणाऱ्या सळईत, होता आणि तो तोक्योतून निघतानाही तसाच होता. दुकानातच तो ओळखता आला असता. कसा, ते या प्रकरणात मापांसकट दिसते.

वाद्याची ओळख

फेंडर जपान ही कंपनी १९८२मध्ये उभी राहिली. अमेरिकेतली फेंडर आणि जपानमधल्या कांडा शोकाई व यामानो गाक्की या तिघांची ती भागीदारी. सुरुवातीची बांधणी नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो इथल्या फुजीगेन गाक्कीच्या कारखान्यात होत असे. पहिल्या खेपेच्या वाद्यांवर 'जेव्ही' अनुक्रमांक येतो, १९८२ ते १९८४ या काळातला. त्यानंतरचा 'ई'.

बाजारात जेव्हीला वेगळाच भाव मिळतो. पण जपानच्या घरगुती बाजारासाठीच्या मॉडेलनावातला शेवटचा आकडा अनुक्रमांकापेक्षा जास्त सांगून जातो. तो आकडा म्हणजे त्या वेळची किंमत, हजार येनमध्ये. जेबी६२-११५ म्हणजे १,१५,००० येनचा जॅझ बेस. एकाच मॉडेलच्या महाग आणि स्वस्त प्रतींमध्ये लाकूड, लॅकर आणि पिकअप (तारांची कंपने विजेत बदलणारा भाग) वेगवेगळे असत. त्यामुळे वरच्या किमतीचा 'ई' हा खालच्या किमतीच्या जेव्हीपेक्षा चांगला निघू शकतो. शिवाय अनुक्रमांक नेकप्लेटवर असेल, तर ती प्लेट चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि कोणत्याही बेसवर लावता येते. नेक उतरवून टाचेवरचे (नेकच्या धडाकडच्या टोकावरचे) आणि पॉकेटमधले (धडात टाच बसते त्या खाचेतले) शिक्के पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

विक्रेत्यांच्या तोंडी असलेल्या 'लॉसूट बेस' या शब्दाचेही तसेच. तो खटला १९७७चा. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने इबानेझच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर तो भरला, आणि वाद होता हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या टोकाच्या, आकाराचा. फेंडरच्या नकलांशी त्याचा संबंध नाही. जपानी प्रिसिजन कुणी या नावाखाली विकत असेल, तर त्या शब्दाचे शून्य रुपये धरावेत.

पहिली मापे

मापे घेताना बेस वाजवण्याच्या स्थितीत, सुरात लावलेला असावा. टेबलावर पाठीवर ठेवला की नेकच्या वजनाने माप बदलते. पहिल्या फ्रेटवर केपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेचा तळ यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). येणारा आकडा म्हणजे नेकचा बाक. सव्वासात इंच वर्तुळत्रिज्येच्या जुन्या धाटणीच्या फिंगरबोर्डला ०.३० ते ०.३५ मिमी बाक पुरतो.

इथे ४५–१०५च्या तारांवर (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ०.९५ मिमी भरला. सतराव्या फ्रेटवर ई तारेची उंची ३.४ मिमी, जिथे २.३ ते २.४ पुरेशी असते. सॅडल्स, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असणारे छोटे तुकडे, ब्रिजच्या पत्र्याला टेकलेली होती. त्यांना उचलणारे बारीक स्क्रू सॅडलच्या वर दोन-अडीच मिमी डोकावत होते, इतके की ब्रिजवर तळहात टेकवून वाजवताना टोचत.

हे डोकावणारे स्क्रू बेसबद्दल बरेच काही सांगतात. सॅडल तळाला टेकवण्याची हौस कुणालाच नसते. नेक पुढे वाकत गेला, तारा वर येत गेल्या, आणि आधीच्या मालकाने दरवेळी सॅडल थोडे थोडे खाली घेतले. दुकानात भिंतीवर टांगलेल्या बेसवरही हे हात न लावता दिसते.

पावसाळा की तारा?

नेक ऋतूप्रमाणे हलतो, यात शंका नाही. पण हवेच्या दमटपणाने झालेला बदल रॉडच्या पाव-अर्ध्या फेऱ्यात आवरता येतो, आणि इथे रॉड फिरवूनही बाक हलत नव्हता. म्हणून आधी तारांचा हिशेब पाहिला.

दुकानातून बेस आला तेव्हा त्यावर ४०–९५चा हलका संच होता. पुण्यात मालकाने नेहमीचा ४५–१०५ चढवला. चौतीस इंची बेसवर हलका संच सर्व तारा मिळून साधारण ७० किलोच्या आसपास ताण देतो. नेहमीचा ८० किलो किंवा त्याहून थोडा जास्त. दहा-पंधरा किलोचा हा फरक धडधाकट नेक रॉडच्या पाव फेऱ्यात झेलतो. इथे पुन्हा ४०–९५ चढवून मोजले तर बाक ०.५५ मिमी आला. म्हणजे हलक्या तारांवरही तो जास्तच होता, फक्त दुकानातल्या पाच मिनिटांत लक्षात येणार नाही इतका.

मग तारा पूर्ण सैल करून नेक उतरवला. या बेसवर रॉड कसायचा नट टाचेच्या टोकाशी, पॉकेटच्या आत असतो. चार स्क्रू काढल्याशिवाय तो नीट हाती लागत नाही, आणि म्हणूनच कित्येक मालक वर्षानुवर्षे त्याला हात लावत नाहीत. इथे पेचकस योग्य हवा. जपानी स्क्रूंची चौफुली जेआयएस मापाची असते. नेहमीचा फिलिप्स पेचकस तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि चौफुली गोल करून टाकतो. जेआयएस टोकाचा क्रमांक २ पेचकस जपानी मोटरसायकलींच्या कामालाही वापरतात, त्यामुळे तो मिळवणे अवघड नाही.

ताण नसताना, रॉड घट्ट असूनही सरळपट्टीखाली नेकमध्ये ०.२ मिमी पुढचा बाक उरला होता. रॉड कामाचा असता तर बिनतारेचा नेक सपाट, किंवा किंचित मागे झुकलेला दिसला असता. नट अर्धा फेरा उलटा सोडून पुन्हा घट्ट केला. तो मूळ जागी येताच अडला आणि पुढे सरकेना. रॉड तुटलेला असता तर नट नुसता फिरत राहिला असता किंवा टोक हलले असते. तसे काही नव्हते. नट आटे संपवून तळाला लागला होता. चाळीस वर्षांत नटाखालचे मेपल दबत जाते, नट आत आत जातो, आणि एक दिवस आटे संपतात.

दुकानातल्या पाटीवर काय नव्हते

जपानी दुकाने नेकबद्दल बरेच नेमके लिहितात. ते वाचता आले तर निम्मे काम तिथेच होते. जुन्झोरी म्हणजे पुढचा बाक, ग्याकुझोरी म्हणजे मागचा, नेजिरे म्हणजे पीळ. मोतो-ओकी म्हणजे टाचेजवळ नेक वर उचलला जाणे, आणि हा दोष रॉडने जात नाही. फ्रेटची उरलेली उंची दहापैकी किती भाग, अशी लिहितात. गारी म्हणजे पॉट (आवाज कमी-जास्त करायची कळ) फिरवताना होणारी खरखर. ती किरकोळ, औषधाच्या दोन थेंबांची. 'जंक' लिहिले असेल तर हमी नाही आणि परतावाही नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओळ रॉडची. 'रॉड योयू आरी' म्हणजे रॉड अजून फिरायला शिल्लक आहे. या बेसच्या पाटीवर 'नेक र्योकोओ', म्हणजे नेक चांगल्या स्थितीत, इतकेच होते. रॉडची ओळ नव्हती. हलक्या तारा लावून, सॅडल तळाला टेकवून, त्या दिवशी नेक चांगल्या स्थितीत दिसतही असेल. दुकानदार खोटे बोलला असे म्हणता येत नाही. पण ओळ नसेल तर विचारायलाच हवे, आणि टाचेला नट असलेल्या बेसवर 'तपासून सांगा' असा आग्रह धरायला हवा. दुकानात कारागीर असतो, नेक उतरवणे त्याचे दहा मिनिटांचे काम. तो नाही म्हणाला, तर नव्या फ्रेटांचे पैसे किमतीतून वजा धरूनच बोलावे.

पर्याय

समोर पाच वाटा होत्या. हलक्याच तारा ठेवणे: बाक थोडा कमी दिसेल, पण रॉड संपलेलाच राहील. नेक उष्णतेने सरळ करणे: फिंगरबोर्डखालचा गोंद मऊ होतो, जाड पॉलिएस्टर लॅकरला तडे जाऊ शकतात, आणि काही महिन्यांत नेक पुन्हा मूळ बाकाकडे सरकण्याचा धोका असतो. फिंगरबोर्ड काढून नवा रॉड: या किमतीच्या वाद्याला न परवडणारे. दुसरा नेक: वाजवायला ठीक, पण जुन्या वाद्याचे मोल बरेचसे मूळ नेकमध्येच असते. उरला पाचवा, नटाखाली वॉशर देऊन आटे परत मिळवणे. तो आधी करावा, कारण त्यात काहीही कापले जात नाही आणि फसला तर वॉशर काढला की सगळे पूर्ववत होते.

दुरुस्ती

नट पूर्ण काढला. आटे दातांच्या ब्रशने व थोड्या लायटर पेट्रोलने साफ केले. जुना मेणचट थर आणि लाकडाचा भुगा निघाला. आट्यांवर लिथियम ग्रीसचा अगदी पातळ थर दिला, लाकडाला लागणार नाही असा.

वॉशर पोलादाचा, आतले भोक रॉडवरून जेमतेम सरकेल एवढे, बाहेरचा व्यास नटाच्या व्यासापेक्षा मोठा नाही. बाजारातला वॉशर सहसा मोठा निघतो. तो एका बोल्टवर कसून ड्रिलमध्ये फिरवत कानसीने उतरवावा लागतो. पितळेचा नको, दाबाखाली पसरतो. इथे १ मिमी जाडीचे दोन वॉशर बसले. दोन घालून नट हाताने लावला, तेव्हा तो पुरेसे आटे पकडत होता. तिसरा घातला तर पकड दीड-दोन आट्यांवर येते आणि कसताना आटे सोलून निघतात. म्हणून दोनवर थांबणे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच रॉड तुटतात. वाकलेला नेक नुसत्या रॉडने ओढून सरळ करायचा नसतो. हाताने सरळ करून रॉडने तिथे धरून ठेवायचा असतो. नेक फिंगरबोर्ड खाली करून ठेवला, दोन्ही टोकांखाली ठोकळे दिले, मधोमध नेकच्या पाठीवर लाकडी पट्टी ठेवून शिकंजा लावला, आणि नेक सुमारे २ मिमी मागे झुकेपर्यंत हळूहळू आवळला. याच स्थितीत नट घट्ट केला, तेव्हा तो जवळपास एक पूर्ण फेरा सहज फिरला. रात्रभर तसाच ठेवून सकाळी शिकंजा सोडला. बिनतारेचा नेक आता किंचित मागे झुकलेला होता. ४५–१०५ चढवल्यावर बाक ०.४० मिमी. दोन दिवसांनी आणखी पाव फेरा देऊन ०.३०, आणि पुढे अंदाजे पाऊण फेरा शिल्लक. ही शिल्लक हीच या दुरुस्तीची खरी कमाई.

बाक गेला तरी सतराव्या फ्रेटवर ३.१ मिमी उरले, आणि सॅडल्स अजूनही तळालाच. इथे हिशेब कागदावर करून घ्यावा. सतराव्या फ्रेटवर ०.८ मिमी उतरवायचे, तर ब्रिजवर सुमारे १.३ मिमी उतरावे लागते, कारण सतरावा फ्रेट तारेच्या हेडस्टॉककडच्या टेकूपासून तारेच्या साधारण ६२ टक्के अंतरावर आहे. ब्रिजवर जागा नाही, म्हणून नेकलाच कोन द्यायचा. पॉकेटची लांबी सुमारे ८५ मिमी आणि पॉकेटच्या पुढच्या कडेपासून ब्रिज सुमारे ३४० मिमी, म्हणजे चौपट. पाव अंशाची पाचर पॉकेटच्या आतल्या टोकाला ०.३७ मिमी जाड होते आणि ब्रिजवर दीड मिमी मिळवून देते. पुरते, पण सॅडल जेमतेम ०.२ मिमी वर येईल आणि स्क्रू टोचतच राहतील. अर्ध्या अंशाची पाचर ३ मिमी देते, सॅडल १.७ मिमी वर येते, आणि तारांचा सॅडलवरचा दाबही सुधारतो. अर्ध्या अंशाची निवडली.

पाचर पूर्ण पॉकेट व्यापणारी, मेपलची. पॉकेटमध्ये आधी एका टोकाला व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सापडला होता. असा तुकडा टाचेचा मधला भाग अधांतरी ठेवतो. चार स्क्रू ती पोकळी भरायला लाकूड खाली ओढतात, आणि वर्षांनुवर्षांनी शेवटचे चार-पाच फ्रेट वर उचललेले दिसतात. या बेसवर सुदैवाने ते झालेले नव्हते. सोळा ते वीस फ्रेट सरळपट्टीखाली बिनफटीचे होते.

फ्रेट बारीक, जुन्या धाटणीचे. बहुतेकांची उंची ०.९ मिमी, आणि दुसऱ्या, पाचव्या व सातव्या फ्रेटवर डी आणि जी तारांखाली ०.२ मिमीच्या खाचा. या तीन खाचा बुडवण्यासाठी सगळे वीस फ्रेट ०.७पर्यंत घासायचे नाहीत. जेमतेम ०.०५ मिमी समतल करून माथे गोल केले, खाचा अर्धवट राहू दिल्या. सूर स्वच्छ येतो. शेवटचे माप सतराव्या फ्रेटवर ई २.३, जी १.९ मिमी.

विजेचे काम

यात फारसे काही निघाले नाही. व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकवर १०.४ किलोओहम आले, म्हणजे पिकअपची दोन्ही अर्धी जिवंत. ही अर्धी एकापुढे एक जोडलेली असतात. त्यातले एक आतल्या आत शॉर्ट झाले तर आकडा निम्म्यावर येतो आणि दोन तारा जवळपास मुक्या होतात. तारांना हात लावूनही गुणगुण थांबत नव्हती. ब्रिज ते जॅकच्या बाहेरच्या पत्र्यापर्यंत एक ओहमच्या आत रोध हवा, इथे मीटर काहीच दाखवत नव्हता. ब्रिजखालची अर्थची तार काळवंडून तुटली होती. तीन सेंटीमीटर नवी तार सोलून पसरली, ब्रिज पुन्हा कसला, गुणगुण गेली.

पॉट बदलायची वेळ आली तर एक सावधगिरी. अमेरिकन पॉटचा दांडा ६.३५ मिमी, जपानी नॉब ६ मिमीचा. मूळ नॉब अमेरिकन पॉटवर बसत नाही, आणि अमेरिकन पॉटच्या गळ्याला पिकगार्डचे भोकही मोठे करावे लागते. २५० किलोओहमचे मिलिमीटर मापाचे जपानी पॉट घ्यावेत. इथे मूळ पॉट औषधाने स्वच्छ झाले, तेच ठेवले.

प्रवास आणि कागद

फिंगरबोर्ड रोझवूडचा. सह्याद्रीत वाढणारा शिसव याच डाल्बर्जिया प्रजातीतला, आणि ही संपूर्ण प्रजाती जानेवारी २०१७पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र पहिल्या परिशिष्टातला, त्याला ही सूट लागू नाही. १९८०च्या दशकातल्या या मालिकेत तो असण्याची शक्यता फार कमी. तरीही बिलावर लाकडाचे नाव, अनुक्रमांक आणि किंमत लिहून घ्यावी, कस्टमला दाखवायलाही तेच लागते. जुने वाद्य कुरियरने मागवण्याचे नियम सोबत आणलेल्या सामानापेक्षा वेगळे आणि कडक आहेत. मागवण्याआधी त्या वेळचे आयात धोरण वाचावे.

विमानात तारा पूर्ण उतरवू नयेत, एक-दोन स्वर सैल पुरे. हेडस्टॉकखाली आणि दोन्ही बाजूंना टॉवेल घट्ट भरावा. केस उताणी पडली की आधी हेडस्टॉकचा मागचा भाग आपटतो.

पावसाळ्यानंतर

सप्टेंबरअखेर पुन्हा मोजले तेव्हा बाक ०.३८ मिमी होता. रॉडला एक अष्टमांश फेरा दिला आणि तो ०.३०वर आला. म्हणजे पुण्याच्या हवेचा वाटा ०.०८ मिमी. फ्रेट आणखी झिजून ०.६ मिमीच्या खाली गेले की नवे बसवावे लागतील. तेव्हा खाचेपेक्षा किंचित रुंद टँगची (खाचेत शिरणाऱ्या भागाची) फ्रेटची तार निवडून, फ्रेटांच्याच दाबाने नेक थोडा मागे ढकलता येईल आणि दोनपैकी एक वॉशर काढता येईल. तोपर्यंत या बेसवर ४५–१०५पेक्षा जड संच, विशेषतः जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा, चढवायच्या नाहीत. त्यांचा ताण ९० किलोच्याही पुढे जाऊ शकतो, आणि रॉडची उरलेली शिल्लक त्यातच संपेल.